दहा कोटी ठिणग्यांचा हिशेब

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर चार सिलिंडरची साधी पेट्रोल गाडी तासाला शंभरच्या वेगानं धावत असते, तेव्हा तिचं इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेरे घेत असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी पडते. म्हणजे एका स्पार्क प्लगवर सेकंदाला २५ ठिणग्या, तासाभरात ९०,०००. चारही प्लगांच्या मिळून साडेतीन लाखांच्या वर. मुंबईला पोहोचेपर्यंत यातल्या दहा-वीस जरी चुकल्या, तरी गाडी हलकासा झटका मारून ते आपल्याला कळवते. एरवी काहीच जाणवत नाही, कारण साडेतीन लाखांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिणगी वेळेवर आणि जागेवर पडलेली असते.

ती जागा किती लहान आहे पाहा. प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये फट असते, बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरची. बॅटरी १२ व्होल्टची. एवढ्या व्होल्टेजला ही फट ओलांडता येणं शक्यच नसतं. म्हणून मध्ये इग्निशन कॉइल बसवलेली असते. तिच्या जाड तारेच्या वेटोळ्यात प्रवाह साठू द्यायचा आणि तो अचानक तोडायचा; शेजारच्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत त्या क्षणी पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण तोवर वीज अडवून धरत असतं. मग फटीतले दोन-चार मोकळे इलेक्ट्रॉन वेग घेतात, वाटेतल्या रेणूंना धडकतात, त्यांच्यातून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, तेही धडकतात, आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागात त्या फटीत विजेची वाट तयार होते. केसासारख्या त्या धाग्यातलं तापमान क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे सुमारे साडेपाच हजार अंशांपेक्षा, कितीतरी वर जातं. या सगळ्याला लागणारी ऊर्जा फार थोडी आहे: पाच ग्रॅम वजन मीटरभर उचलायला लागते साधारण तेवढी.

तेवढ्यावर गाडी चालते, कारण ठिणगीचं काम फक्त सुरुवात करून देण्याचं असतं. तिच्यातून मिलिमीटरभराची ज्योत जन्मते. आत घुसळणाऱ्या हवेचे भोवरे त्या ज्योतीला फाडून, ताणून सिलिंडरभर पसरवतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत सगळं इंधन जळून जातं. हे एक-दोन मिलिसेकंदसुद्धा इंजिनाच्या हिशेबात मोठा काळ असतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच, फेऱ्याचे दहा ते चाळीस अंश शिल्लक असताना, गाडीतला संगणक ठिणगी पाडून मोकळा होतो.

प्लगचा पांढरा भाग पाहून आपण त्याला चिनी माती समजतो. १८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लन्वारनं आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली, तेव्हाच्या प्लगात खरोखरच पोर्सिलेन होतं. आज तिथे ॲल्युमिना असतं, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. माणिक आणि नीलम मुळात याच पदार्थाचे स्फटिक आहेत. किंचित क्रोमियम मिसळलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. बॉनेटखालच्या प्रत्येक प्लगात हाच पदार्थ भाजून, घट्ट करून बसवलेला असतो. त्याचं एक टोक दोन हजार अंशांच्या वर जाणाऱ्या ज्वाळेत असतं, दुसरं बाहेरच्या हवेत, आणि मधल्या भागानं वीस-तीस हजार व्होल्ट वाटेत कुठेही फुटू द्यायचे नसतात. १९०२ साली रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्डनं उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या मदतीनं ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र, आणि त्याच्या जोडीला प्लग तयार केला. त्या प्लगचा मूळ घाट आजही ओळखू येईल इतका तसाच राहिला आहे.

हा प्लग बदलायचा कधी? त्याचं उत्तर समजायला आधी हवेकडे पाहावं लागतं.

फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ साली दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी पाडायला लागणारं व्होल्टेज दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतं: फटीचं अंतर आणि वायूचा दाब. साध्या उघड्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हीच हवा दाबून दाट केलेली असते, रेणू खेटून असतात, इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी जागाच मिळत नाही, आणि म्हणून कितीतरी पट जास्त व्होल्टेज लागतं. प्लग काढून, इंजिनाच्या बॉडीला टेकवून, सेल्फ मारून ठिणगी बघायची जुनी पद्धत आपल्याकडे अजून दिसते. उघड्या हवेत निळी ठिणगी पडली म्हणजे प्लग चांगला, असं त्यावरून ठरवतात. पाशेनचा नियम लक्षात घेतला, तर या परीक्षेत जवळजवळ प्रत्येक प्लग पास होणार. खरी परीक्षा दाबाखाली असते.

टर्बो नसलेल्या इंजिनाचा मोठा गुण इथेच आहे. ते स्वतःच्या बळावर हवा ओढून घेतं, म्हणून पिस्टन दाबायला लागतो तेव्हा आतला दाब फार तर बाहेरच्या वातावरणाइतका असतो. टर्बो हीच हवा आधीच दीडपट-दुप्पट कोंबून आत पाठवतो. त्यामुळे टर्बोच्या गाडीत फट लहान ठेवावी लागते, तरीही व्होल्टेज जास्त लागतं, आणि प्लग लवकर बदलावे लागतात. साध्या इंजिनातल्या प्लगवर वातावरणानंच मर्यादा घालून दिलेली असते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, हवा विरळ झाल्यानं इंजिनाची ताकद कमी होते हे चालवणाऱ्याला जाणवतं; प्लगचं काम मात्र तिथे थोडं सोपं झालेलं असतं.

सोपं नसतं ते घाट चढताना. बोरघाटात भरलेली गाडी, चौथा गिअर, ॲक्सिलरेटर तळाशी. थ्रॉटल पूर्ण उघडा, सिलिंडर हवेनं गच्च भरलेला. दाब जास्तीत जास्त आणि म्हणून व्होल्टेजची मागणीही जास्तीत जास्त. झिजलेला प्लग सपाटीवर तक्रार करत नाही आणि इथे मात्र गाडी ‘मिसिंग मारते’, ती यामुळे. मेकॅनिकला ‘फक्त घाटात झटके मारते’ असं सांगितलं, की जाणता माणूस आधी प्लगकडेच बघतो.

आता झीज. प्रत्येक ठिणगी धातूचा थोडासा अंश घेऊन जाते. धन आयन धातूवर आदळतात, तो बारीकसा भाग वितळतो, बाष्प होतो, उरलेल्याला तापलेल्या वायूतला ऑक्सिजन खातो. निकेलच्या प्लगची फट ३०,००० किलोमीटरमध्ये ०.३ मिलिमीटरनं वाढली असं धरू. तेवढ्या अंतरात त्यावर सुमारे तीन कोटी ठिणग्या पडलेल्या असतात. भागाकार केला, तर एका ठिणगीमागे फट वाढते एका मिलिमीटरच्या दहा कोटीव्या भागानं. निकेलचा एक अणू याच्या पंचवीसपट जाड असतो. अर्थात ठिणगी एका सूक्ष्म जागी पडते आणि तिथून अब्जावधी अणू उडवते, पण ती झीज सगळ्या टोकावर पसरून मोजली, तर एका अणूच्या थराचा पंचविसावा हिस्सा. देवळाची दगडी पायरी पावलांनी झिजते आणि कुठल्याही एका पावलाला ते दिसत नाही, तसंच इथे कुठल्याही एका ठिणगीत काही बिघडत नाही. मला या आकड्याचं आश्चर्य आजही वाटतं: अणूच्या अंशांनी होणारी झीज एवढ्या वेळा होते, की शेवटी ती साध्या फीलर गेजनं मोजता येते.

फट वाढते तशी टोकाची धारही जाते, आणि हे तितकंच महत्त्वाचं आहे. विद्युत क्षेत्र धारदार कडांवर एकवटतं, त्यामुळे नव्या प्लगच्या कोऱ्या कडेवरून ठिणगी सहज निघते. कडा गोल झाल्या, की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. कॉइल ते देतही राहते, ती मागणीनुसार वर चढत जाते. म्हणूनच गाडी हजारो किलोमीटर काहीच कळू देत नाही.

इथे आपल्या जुन्या सवयीबद्दल बोलायला हवं. चेतकच्या काळातल्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. प्लग काळा पडायचा, फटीत काजळी अडकायची, आणि डिकीतला पाना काढून, पॉलिश पेपरनं प्लग घासून, पुन्हा किक मारायची हे घराघरांत माहीत असलेलं तंत्र होतं. तो प्लग घाणीनं बंद पडत असे, आणि घाण काढता येते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतला प्लग सहसा झिजून संपतो, आणि झिजलेला प्लग दिसायला स्वच्छ असतो. फिकट बदामी रंगाचं टोक पाहून ‘अजून चांगला आहे’ म्हणत तो पुन्हा बसवला जातो. घासल्यानं गेलेला धातू परत येत नाही. इरिडियमच्या बारीक टोकावर तर तारेचा ब्रश फिरवूच नये, ते टोक तुटतं.

धातूंचा विषय निघालाच आहे. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम २,४४६ ला. बाजारात ज्याला ‘कॉपर प्लग’ म्हणतात त्याच्या टोकाला निकेलचंच मिश्रण असतं. तांबं आत गाभ्यात, उष्णता वाहून नेण्यासाठी. निकेलचं टोक अडीच मिलिमीटर जाड ठेवावं लागतं, नाहीतर ते टिकणार नाही. इरिडियम इतकं कमी झिजतं, की टोक ०.४ ते ०.७ मिलिमीटरइतकं बारीक करता येतं. बारीक टोकावर क्षेत्र एकवटतं, कमी व्होल्टेजला ठिणगी पडते, आणि नुकत्या जन्मलेल्या ज्योतीची उष्णता शोषून घ्यायला आजूबाजूला धातूही कमी असतो.

हे इरिडियम पृथ्वीच्या कवचात अत्यंत दुर्मिळ आहे. पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना बहुतेक इरिडियम लोखंडाबरोबर गाभ्यात उतरलं. अशनींमध्ये त्या मानानं ते पुष्कळ असतं. इटलीतल्या गुब्बिओजवळच्या मातीच्या एका पातळ थरात ते अचानक वाढलेलं दिसलं, म्हणून लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पिता-पुत्रांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह १९८० साली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या अशनीच्या आघाताची कल्पना मांडली. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर साचत होते. सह्याद्री त्यातूनच घडला. कच्छमधल्या अंजारला लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळातही वाढलेलं इरिडियम सापडलं आहे. प्लगमधलं इरिडियम बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून येतं, पण डायनासोरांच्या अंताची खूण ज्या मूलद्रव्यानं पटवली तेच आपल्या गाडीत घाट चढताना ठिणगी पाडतं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

तर, कधी? पहिलं उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतं आणि ते पाळावं. ढोबळमानानं सांगायचं तर निकेलचे प्लग ३०,००० ते ५०,००० किलोमीटर, आणि प्लॅटिनम किंवा इरिडियमचे दीर्घायुषी प्लग एक लाखाच्या आसपास. दुकानात खोक्यावर ‘इरिडियम’ लिहिलेलं दिसलं म्हणून लगेच एक लाख धरू नयेत. काही प्लगांत मधलं टोक इरिडियमचं आणि बाजूचं वाकलेलं टोक साध्या निकेलचं असतं. तसला प्लग खूप आधी संपतो. बाजूच्या टोकावरही प्लॅटिनमची छोटी टिकली बसवलेली आहे का, हे बघावं.

दुसरं उत्तर जरा खोलात आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. प्लगला किलोमीटर कळत नाहीत, ठिणग्या कळतात. शंभरच्या वेगानं जाणाऱ्या गाडीत एका किलोमीटरमागे एका प्लगवर ९०० ठिणग्या पडतात. तीच गाडी हिंजवडीच्या किंवा अंधेरीच्या गर्दीत तासाला वीसच्या सरासरीनं सरकते, तेव्हा एका किलोमीटरला तीन मिनिटं लागतात. इंजिन सरासरी १,२०० फेऱ्यांवर धरलं, तर ठिणग्या १,८००. दुप्पट. सिग्नलवर किंवा एसी लावून उभ्या गाडीत इंजिन ७५० फेऱ्यांवर तासभर चाललं, तर २२,५०० ठिणग्या पडतात, म्हणजे महामार्गावरचे २५ किलोमीटर, आणि मीटरवर मात्र शून्य. काही जुन्या गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते. तिथे प्रत्येक प्लगवर दर फेऱ्याला ठिणगी पडते, त्यांतल्या अर्ध्या फुकट, आणि हे सगळे आकडे दुप्पट होतात.

न्यायानं बोलायचं तर उभ्या गाडीतली ठिणगी स्वस्त असते. थ्रॉटल जवळजवळ बंद, आत हवा थोडी, दाब कमी, म्हणून व्होल्टेज आणि झीजही कमी. पण शहरात दुसरा त्रास आहे. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं, की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. रोज दोन-तीन किलोमीटर, इंजिन नीट तापायच्या आत बंद, अशा वापरात टोक तिथवर पोहोचतच नाही. म्हणून ज्याची गाडी मुख्यतः शहरात फिरते त्यानं पुस्तिकेतल्या आकड्याची खालची बाजू धरावी, असं माझं मत आहे. निकेलचे असतील तर तीस हजारांच्या पुढे नेऊ नयेत.

सीएनजीवाल्यांनी आणखी लवकर बदलावेत. सीएनजीतला मिथेन पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे ‘पेट्रोलवर मस्त चालते, सीएनजीवर टाकली की मिसिंग’ ही तक्रार पुष्कळदा किटची नसून प्लगची असते. किट उघडायच्या आधी प्लग बदलून बघावेत, ते कितीतरी स्वस्त पडतं.

लक्षणं दिसेपर्यंत थांबण्यात मात्र तोटा आहे. सकाळी सेल्फ लांब मारावा लागणं, उभ्या गाडीत थरथर, पिकअप न मिळणं, ॲव्हरेज घसरणं ही सगळी लक्षणं उशिरा येतात. तोवर कॉइल जास्त व्होल्टेज देत देत तिचं आतलं इन्सुलेशन थकवत असते; शेकड्यांतला प्लग वाचवताना हजारांतली कॉइल जाते. त्याहून वाईट म्हणजे चुकलेल्या ठिणगीचं न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीत पेट घेतं. ती सिरॅमिकची जाळी वितळू शकते. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी दाखवून घ्या. तो लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच हलका करा.

प्लग बदलताना इंजिन थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना त्याचे आटे सहज जातात. काढण्याआधी प्लगच्या खोबणीतली धूळ फुंकून टाकावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. चारही एकदम बदलावेत, आणि काढलेले सिलिंडरच्या क्रमानं मांडून ठेवावेत, कारण ते बरंच काही सांगतात. फिकट बदामी किंवा राखाडी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा फटक, फोड आलेला, म्हणजे प्लग अति तापलाय. एकच प्लग बाकी तिन्हींपेक्षा वेगळा दिसला, तर दोष त्या सिलिंडरमध्ये शोधावा.

पांढऱ्या भागावर, धातूच्या कडेच्या जरा वर, कधीकधी तपकिरी कडं दिसतं. आतून वायू गळतोय असं समजून अनेकजण घाबरतात. तो गळतीचा डाग नसतो. उच्च व्होल्टेजमुळे तिथल्या हवेत सूक्ष्म विद्युत विसर्ग होत असतो, त्याला कोरोना म्हणतात. हवेतले तेलाचे कण त्या क्षेत्रात ओढले जाऊन चिकटतात. प्लग पूर्णपणे निर्दोष असतानाही हे कडं उमटतं.

नवा प्लग आधी नुसत्या हातानं, पाना न लावता, आट्यांत फिरवावा. तो अडखळला तर काढून पुन्हा सरळ लावावा. पुढे टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतला आकडा. नसेल तर वॉशरवाल्या नव्या प्लगला हातानं घट्ट झाल्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नये, त्यानं तो लागतो त्यापेक्षा जास्त आवळला जातो. आणि दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना नुसत्या आकड्यावर जाऊ नका: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. गाडीच्या मॉडेलप्रमाणे यादीत बघूनच घ्या, आणि बसवल्या दिवशीचं मीटर रीडिंग सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.